ब्रिटनमधील घरचा फोन आणि ब्रॉडबँड : बिल का वाढते आणि ते कसे आवरावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनजवळ राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे सासू-सासरे लेस्टरला स्वतंत्र राहतात. फोनची लाइन आणि ब्रॉडबँड एकाच कंपनीकडे कित्येक वर्षांपासून आहे. त्यांनी काहीही नवीन घेतलेले नसताना बिल दरवर्षी चढत गेले आणि आता महिन्याला पन्नास पौंडांच्या पुढे गेले आहे. लाइनचे भाडे म्हणजे नेमके कशाचे पैसे, दरवर्षीची वाढ कायदेशीर आहे का, लँडलाइन सरळ काढून टाकावी का, असे त्यांनी विचारले आहे. सासूबाईंच्या गळ्यात पडल्या-झडल्याच्या वेळी दाबायचे अलार्मचे बटण असते आणि ते याच फोनलाइनवर चालते. त्यातच लाइन ‘डिजिटल’ करणार असल्याचे कंपनीचे पत्र आल्यामुळे घरात काळजी आहे.

ताई, मी अनेक वर्षे ब्रिटनमधील दूरसंचार कंपन्यांच्या दरआकारणीचे काम केले आणि त्यानंतर ग्राहकांच्या बाजूने सल्ला देत आलो आहे. लँडलाइन आज लगेच काढू नका आणि कंपनीला फोन करण्याची घाईही करू नका. आधी सासऱ्यांच्या करारातील एकच गोष्ट शोधा : कराराची किमान मुदत कोणत्या तारखेला संपते, किंवा पूर्वीच संपली आहे का. आपण वर्णन केलेल्या बिलावरून ती पूर्वीच संपली असण्याची शक्यता मला फार मोठी वाटते. तसे असेल तर आपल्या हाती बरेच काही आहे.

आधी लाइनच्या भाड्याबद्दल सांगतो. घरातून निघालेली तांब्याची तार रस्त्यावरच्या हिरव्या पेटीतून टेलिफोन एक्स्चेंजपर्यंत जाते. ती तार, पेटी आणि एक्स्चेंजमधील यंत्रणा शाबूत ठेवण्याचा खर्च म्हणजे लाइनचे भाडे. हल शहराचा अपवाद सोडला, तर ही तार बहुतेक सर्वत्र ओपनरीच या संस्थेची असते. नियामक ऑफकॉमच्या दबावामुळे २००६ मध्ये बीटी, म्हणजे ब्रिटिश टेलिकॉम, या कंपनीने आपल्या जाळ्याचा हा विभाग वेगळा केला, जेणेकरून इतर कंपन्यांनाही तीच तार त्याच घाऊक दराने मिळावी. म्हणजे आपल्या बिलावर कोणत्याही कंपनीचे नाव असले, तरी भिंतीतील तार बहुधा ओपनरीचचीच असते. व्हर्जिन मीडियाची केबल आणि फायबरच्या नव्या कंपन्यांची स्वतंत्र जाळी यांची गोष्ट वेगळी.

बिल का वाढले याचे उत्तर घाऊक आणि किरकोळ दरांतील तफावतीत सापडते. ऑफकॉमने २०१७ मध्ये तपासणी केली, तेव्हा असे दिसले की २००९ नंतरच्या काळात लाइनचा घाऊक खर्च सुमारे पाव हिश्शाने उतरला होता, आणि तरीही सर्व मोठ्या कंपन्यांनी ग्राहकांकडून घ्यायचे भाडे वाढवतच नेले होते. बीटीचे भाडे महिन्याला १८.९९ पौंडांवर पोचले होते. ज्यांच्याकडे फक्त फोन होता आणि ब्रॉडबँड नव्हते अशा ग्राहकांना याची झळ सर्वाधिक बसली. त्यांत बहुतांश वयस्कर माणसे होती, अनेक वर्षे एकाच कंपनीकडे राहिलेली, आणि त्यांच्यासाठी कंपन्यांमध्ये स्पर्धा जवळजवळ नव्हतीच. अखेर ऑफकॉमच्या रेट्यामुळे बीटीने १ एप्रिल २०१८ पासून या ग्राहकांचे भाडे ७ पौंडांनी कमी करून ११.९९ वर आणले.

मागील वर्षांचे जादा पैसे परत मिळावेत म्हणून या ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावाही झाला. स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये तो फेटाळला. दर प्रमाणाबाहेर जास्त होता हे न्यायाधिकरणाने मान्य केले, परंतु कायद्याच्या अर्थाने तो ‘अन्याय्य’ ठरत नाही असा निर्णय दिला. हा निकाल मला पटलेला नाही. पण त्याचा व्यावहारिक अर्थ लक्षात घ्यायला हवा : वर्षानुवर्षे मुकाट्याने भरलेले जादा पैसे परत मिळतील या आशेवर कोणी राहू नये. वाचवता येतील ते पुढचे पैसे.

आपल्या सासऱ्यांच्या पिढीच्या मनात ‘भाडे वेगळे आणि ब्रॉडबँड वेगळे’ असा हिशेब पक्का बसलेला असतो आणि त्यालाही कारण आहे. एके काळी जाहिरातीत ब्रॉडबँड ‘फुकट’ किंवा पाच पौंडांत असे ठळक छापले जाई आणि खाली बारीक अक्षरांत लाइनचे सतरा-अठरा पौंड भाडे असे. ३१ ऑक्टोबर २०१६ पासून जाहिरात मानक प्राधिकरणाने ही पद्धत बंद पाडली आणि भाडे धरून एकच एकूण मासिक आकडा दाखवणे सक्तीचे झाले. त्यामुळे नव्या बिलांत भाड्याची स्वतंत्र ओळ बहुधा दिसत नाही. भाडे गेलेले नाही, ते पॅकेजच्या किमतीत मिसळले आहे. तुलना करताना नेहमी सर्व धरून महिन्याचा एकूण आकडाच पाहावा, आणि करार किती महिन्यांचा आहे हे त्याच्या शेजारी लिहून ठेवावे.

आता दरवर्षीच्या वाढीकडे येतो. साधारण २०२१ पासून बीटीसह अनेक मोठ्या कंपन्यांनी करारातच एक सूत्र घातले : डिसेंबरचा ग्राहक किंमत निर्देशांकाचा महागाई दर आणि वर ३.९ टक्के, एवढी वाढ दर वसंत ऋतूत. महागाई कमी होती तोवर हे कोणाला फारसे जाणवले नाही. पुढे महागाई भडकली आणि या सूत्राचे खरे रूप दिसले. २०२२ मध्ये वाढ झाली ९.३ टक्के, २०२३ मध्ये १४.४ टक्के आणि २०२४ मध्ये ७.९ टक्के. २०२२ च्या आरंभी ३० पौंडांचे असलेले बिल या तीन वाढींनंतर सुमारे साडेचाळीस पौंडांचे झाले. वेग तोच होता आणि तारही तीच होती. शिवाय महागाईच्या वर ३.९ टक्के घेण्याचे समर्थन माझ्या मते कधीच नव्हते. महागाई भरून काढणे वेगळे आणि तिच्या आडून दर वाढवणे वेगळे.

१७ जानेवारी २०२५ पासून झालेल्या नव्या करारांत ऑफकॉमने महागाईशी जोडलेल्या अशा वाढीला बंदी घातली आहे. मधल्या काळात दर वाढवायचा असेल, तर किती पौंड आणि किती पेन्सने, आणि कोणत्या महिन्यापासून, हे करार करतानाच स्पष्ट सांगावे लागते. हा बदल चांगला आहे, कारण ग्राहकाला आकडा आधीच कळतो. पण वाढ थांबलेली नाही, आणि यात एक नवी मेख आहे. कंपनीने ‘दरवर्षी ३ पौंड’ अशी सरसकट वाढ ठेवली, तर ६० पौंडांच्या वेगवान पॅकेजवर ती ५ टक्के होते आणि २४ पौंडांच्या साध्या पॅकेजवर साडेबारा टक्के. जे काटकसरीने लहान पॅकेज घेतात त्यांच्यावर भार जास्त पडतो. म्हणून दोन पॅकेजांची तुलना करताना आजच्या किमतीवर न थांबता २४ महिन्यांची बेरीज करावी : पहिल्या वाढीपर्यंतचे महिने जुन्या दराने, नंतरचे वाढीव दराने, आणि सुरुवातीचे जोडणी शुल्क असल्यास तेही. वरकरणी एक पौंडाने स्वस्त दिसणारे पॅकेज या बेरजेत बरेचदा महाग निघते.

वाढ कायदेशीर आहे का, या प्रश्नाचे उत्तर करारात काय लिहिले होते यावर अवलंबून आहे. करार करताना वाढ स्पष्ट सांगितलेली असेल, तर ती द्यावी लागते. सांगितलेली नसताना कंपनीने दर वाढवला, तर सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत दंड न भरता बाहेर पडण्याचा हक्क ग्राहकाला असतो. असे पत्र वरवर पाहून ड्रॉवरमध्ये ठेवून देऊ नये.

तथापि, आपल्या घरच्या बिलात सर्वांत मोठा वाटा या वार्षिक वाढीचा नसावा असे मला वाटते. किमान मुदत संपल्यावर सवलत गळून पडते आणि ग्राहक कंपनीच्या पूर्ण दरावर जातो. नवा ग्राहक त्याच रस्त्यावर, त्याच वेगासाठी वीस-पंचवीस पौंड देत असताना शेजारचा जुना ग्राहक त्याच्या दीडपट किंवा दुप्पट देत असतो. कंपनी बदलत नाही अशा माणसाकडून हा फरक वसूल होतो, आणि आपली वडीलधारी मंडळी सहसा कंपनी बदलत नाहीत. १५ फेब्रुवारी २०२० पासून कंपन्यांना करार संपण्यापूर्वी तशी सूचना पाठवावी लागते. तीत आजचा दर, मुदत संपल्यावरचा दर आणि त्यांच्याकडील सर्वांत चांगला पर्याय लिहिलेला असतो. मुदत संपून गेलेल्यांना वर्षातून एकदा तशीच माहिती द्यावी लागते. ही सूचना कित्येकदा अशा ईमेलवर जाते जो घरात कोणी उघडत नाही. सासऱ्यांच्या ईमेलमध्ये ती शोधा. तीत तारीख असेल, आणि कंपनीने स्वतःच मान्य केलेला स्वस्त दरही असेल.

मुदत संपली आहे असे आढळल्यास त्यांच्या पोस्टकोडवर इतर कंपन्यांचे दर पाहून दोन आकडे कागदावर लिहून घ्या. मगच फोन करा. साध्या ग्राहकसेवेशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण तेथील माणसाला दर कमी करण्याचे अधिकार फारच थोडे असतात. ‘आम्ही कंपनी सोडण्याचा विचार करत आहोत’ असे सांगितले की फोन रिटेन्शन विभागाकडे, म्हणजे सोडून जाणाऱ्या ग्राहकांना थांबवणाऱ्या विभागाकडे, जातो. तेथे शांतपणे तीन वाक्ये पुरतात : आमचा करार संपलेला आहे, या पत्त्यावर अमुक कंपनी सर्व मिळून इतक्या पौंडांत देते, आणि नव्या ग्राहकाला तुम्ही जो दर देता तो आम्हाला मिळेल का. पहिला आकडा सांगितला जातो तो शेवटचा नसतो, म्हणून ‘विचार करून कळवतो’ असे म्हणून फोन ठेवायला हरकत नाही. फोनवर कबूल केलेले सर्व लेखी मागवून घ्यावे. मुदत, दर, मधली वाढ आणि फोनचे कॉल पॅकेज त्यात आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. होकार दिल्यानंतरही सहसा १४ दिवस विचार बदलण्याची मुभा असते.

कंपनी सोडायचीच ठरली, तर आता ते पूर्वीइतके कटकटीचे राहिलेले नाही. १२ सप्टेंबर २०२४ पासून ‘वन टच स्विच’ पद्धत सुरू झाली आहे. आपण फक्त नव्या कंपनीशी बोलायचे, जुन्या कंपनीला ती परस्पर कळवते. आपल्या घरासाठी मात्र एक इशारा फार महत्त्वाचा आहे. जुनी सेवा स्वतः फोन करून आधी बंद करू नका. तसे केल्यास लँडलाइनचा नंबर हातचा जाण्याची भीती असते आणि तो परत मिळवणे जिकिरीचे होते. पुण्या-कोल्हापुरातल्या नातेवाइकांच्या डायरीत वर्षानुवर्षे लिहिलेला तोच नंबर आहे, दवाखान्यात आणि अलार्म कंपनीकडेही तोच नोंदलेला आहे. नंबर सोबत न्यायचा आहे हे नव्या कंपनीला अर्ज करतानाच सांगावे.

कॉलच्या दरांबद्दल फार लिहीत नाही, पण बिलाचे दुसरे पान एकदा पाहून घ्यावे. कॉल पॅकेज नसेल तर प्रत्येक मिनिटाचा दर चांगलाच चढा असतो. ०३ ने सुरू होणारे नंबर साध्या नंबरांसारखेच आकारले जातात. ०८४ आणि ०८७ च्या नंबरांवर मात्र दोन वेगळी शुल्के लागतात, एक आपल्या कंपनीचे आणि एक पलीकडच्याचे. भारतात थेट लँडलाइनवरून केलेले कॉल बिलात दिसले, तर त्यांना व्हॉट्सअॅप शिकवणे हाच खरा उपाय आहे. उलट, कोणीच वापरत नसलेल्या ‘अमर्याद’ कॉल पॅकेजचे दहा-पंधरा पौंड दरमहा जात असतील, तर ते तडक बंद करावे.

सवलतीच्या दराची योजना, म्हणजे सोशल टॅरिफ, हा विषय मी मुद्दाम थोडा विस्ताराने मांडतो, कारण आपल्या समाजात त्याबद्दल संकोच आहे. पेन्शन क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या निवृत्तांना मिळणारी सरकारी मदत) किंवा युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या इतरांसाठीची तशीच मदत) मिळणाऱ्या घरांसाठी अनेक कंपन्यांच्या अशा योजना आहेत. त्यांत साधारण १२ ते २० पौंडांत पुरेशा वेगाचे ब्रॉडबँड मिळते, काहींमध्ये फोनही येतो, आणि बहुतेक कंपन्या आपल्याच चालू करारातून अशा योजनेत जाताना दंड घेत नाहीत. सासऱ्यांचे निवृत्तिवेतन तुटपुंजे असेल, तर आधी पेन्शन क्रेडिटची पात्रता तपासून घ्या. पात्र असूनही अर्ज न करणारी वृद्ध माणसे या देशात पुष्कळ आहेत. ज्यांनी आयुष्यभर येथे काम करून कर भरला, त्यांनी ही सवलत घेण्यात कमीपणा मुळीच नाही, हे त्यांना आपणच समजावून सांगावे लागेल. मात्र जे ज्येष्ठ अलीकडे मुलांच्या आधारावर व्हिसा घेऊन आले आहेत आणि ज्यांच्या व्हिसावर सरकारी मदतीस मनाई आहे, त्यांनी असा अर्ज करण्यापूर्वी इमिग्रेशन सल्लागाराला अवश्य विचारावे.

आता कंपनीच्या पत्राविषयी. ब्रिटनमधील जुने टेलिफोन जाळे बंद होत आहे. ही मुदत आधी डिसेंबर २०२५ होती, ती आता ३१ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली आहे. जुन्या पद्धतीची लाइन नव्याने विकणे ओपनरीचने ५ सप्टेंबर २०२३ पासूनच थांबवले आहे. म्हणजे पत्र खरे आहे आणि बदल टळणारा नाही. पुढे फोन भिंतीतल्या सॉकेटऐवजी राउटरच्या मागे लागेल आणि आवाज इंटरनेटवरून जाईल. नंबर तोच राहू शकतो, आणि बहुतेक वेळा फोनचे उपकरणही तेच चालते. ब्रॉडबँड नको असलेल्यांनाही फक्त फोन मिळण्याची सोय आहे, त्यामुळे ‘आता महागडे ब्रॉडबँड घ्यावेच लागेल’ असे कोणी सांगितल्यास त्यावर विसंबू नये.

काळजी घ्यायची ती विजेची. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजकडूनच वीज मिळत असे, त्यामुळे घरातले दिवे गेले तरी वायरचा साधा फोन चालू राही. राउटर घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की राउटर बंद, फोन बंद, आणि अलार्मही बंद. ज्यांना आपत्कालीन सेवेला फोन करण्यासाठी लँडलाइनवाचून दुसरा मार्ग नाही, त्यांना वीज गेल्यावर किमान एक तास फोन चालेल अशी सोय कंपनीने पुरवावी, अशी ऑफकॉमची अपेक्षा आहे. बॅटरीचा संच किंवा मोबाइल जाळ्यावर चालणारा फोन या स्वरूपात ती मिळते, आणि अशा ग्राहकांकडून तिचे पैसे घेतले जाऊ नयेत. ती आपोआप दारात येईल असे मात्र समजू नका, मागून घ्या.

गळ्यातील बटणाबाबत तर मी आग्रहाने सांगेन की ते तपासल्याशिवाय लाइन बदलू देऊ नका. ब्रिटनमध्ये सुमारे १८ लाख माणसे अशा टेलिकेअर उपकरणांवर अवलंबून आहेत. लाइन डिजिटल झाल्यावर बटण दाबूनही पलीकडे संदेश न पोचल्याच्या गंभीर घटना घडल्या. त्यानंतर डिसेंबर २०२३ मध्ये मोठ्या कंपन्यांनी सरकारशी करार करून अशा ग्राहकांची लाइन, उपकरण चालते याची खात्री केल्याशिवाय सक्तीने न बदलण्याचे मान्य केले. पण घरात असे बटण आहे हे कंपनीला माहीतच नसेल, तर हे संरक्षण मिळणार कसे? म्हणून आजच कंपनीला लेखी कळवा की या पत्त्यावर टेलिकेअर आहे. अलार्म पुरवणाऱ्या संस्थेला किंवा कौन्सिलला विचारा की हे उपकरण डिजिटल लाइनवर चालते का, नाहीतर सिमकार्डवर चालणारे नवे उपकरण कधी मिळेल. आणि लाइन बदलल्या दिवशी, इंजिनिअर घरात असतानाच, सासूबाईंना बटण दाबायला सांगून पलीकडून माणसाचा आवाज येतो याची खात्री करून घ्या.

एवढ्यासाठीच मी सुरुवातीला लँडलाइन काढू नका असे म्हटले. घरात अलार्म नसता, दोघेही मोबाइल सहज वापरत असते आणि लेस्टरच्या त्या घरात सिग्नल चांगला असता, तर फोनविना फक्त ब्रॉडबँड घेण्याचा सल्ला मी बिनदिक्कत दिला असता. येथे मात्र फोन राहू द्यावा, आणि पैसे वाचवायचे ते नव्या करारातून.

बदलाच्या वेळी सेवा बंद पडली किंवा इंजिनिअर ठरलेल्या दिवशी आलाच नाही, तर एप्रिल २०१९ पासून चालू असलेल्या योजनेनुसार, तीत सामील असलेल्या कंपन्या मागणी न करताही भरपाई बिलातून वजा करतात. सासऱ्यांची कंपनी त्या योजनेत आहे का, हे करारापूर्वीच विचारावे. तक्रार लांबत गेली, तर कंपनीकडून ‘डेडलॉक’ पत्र, म्हणजे तक्रार आमच्याकडून सुटत नाही असे कंपनीने लिहून दिलेले पत्र, मागून घ्यावे. ते मिळाले की ठरावीक मुदत संपण्याची वाट न पाहता प्रकरण स्वतंत्र लवादाकडे विनामूल्य नेता येते.

एक अडचण आपल्याला पहिल्याच फोनवर येईल. खाते सासऱ्यांच्या नावावर आहे, त्यामुळे कंपनी आपल्याशी काहीही बोलायला नकार देईल, आणि नियमाने ते बरोबरच आहे. सासऱ्यांना एकदाच फोनवर घेऊन, त्यांच्या संमतीने आपले नाव त्या खात्यावर अधिकृत व्यक्ती म्हणून नोंदवून घ्या. ज्यांना स्वतः बिल सांभाळणे अवघड जाते, अशा ग्राहकांसाठी दुसऱ्या व्यक्तीने बिल पाहण्याची सोय देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. सूचना आपल्या ईमेलवरही येतील अशी व्यवस्था त्याच फोनमध्ये करून घ्या, आणि कराराच्या अखेरची तारीख आपल्या स्वतःच्या मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये सहा आठवडे आधीच्या आठवणीसह टाकून ठेवा.